बाबांनी भरलेलं तेल

मित्रांनो, लाकडाच्या वखारीत शिरलात की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. तिच्यात एक ट्रॅक्टर उभा दिसेल. एके काळी तो लाल होता. आता त्याला विटकरी म्हणायचं की गंजका, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तो मी. माझ्या अंगावर भुशाचा थर असतो आणि पुढच्या एका दिव्याची काच फुटलेली आहे, पण मला बघून दचकू नका. माझ्याविषयी लोक काहीबाही बोलतात. या ट्रॅक्टरमधून मेलेला माणूस बोलायचा, असंही म्हणतात. खरं काय घडलं ते मीच सांगतो, कारण ते माझ्या पोटात घडलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की सगळे भाग जोडून झाल्यावर कुणीतरी माझ्या डोक्यावरचं झाकण उघडलं आणि मधाच्या रंगाचं तेल माझ्यात ओतलं. तोवर मी नुसतं लोखंड होतो. तेल खाली चेंबरमध्ये उतरलं, पंपाने ते वर खेचलं, ते फटीफटींतून फिरलं, आणि मी पहिल्यांदा धडधडलो.

मला विकत घेतलं ते या वखारीच्या मालकांनी. उंच, वाळका माणूस. भुशाने घसा कायमचा बसलेला. उजव्या हाताच्या बोटात एक जाड अंगठी असायची. मालक कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते बरंचसं माझ्याशी. मालकीणबाई म्हणायच्या, "घरात तोंडाला कुलूप, आणि शेडमध्ये गप्पांना ऊत."

"तो उलट उत्तर देत नाही," मालक म्हणायचे.

माझं काम दोन तऱ्हेचं होतं. सकाळी नदीच्या काठी उतरायचं, ओंडक्यांनी भरलेली ट्रॉली जोडून घ्यायची आणि चढ चढून वखारीत यायचं. त्यानंतर दिवसभर मी जागचा हलत नसे. माझ्या बाजूच्या कप्पीवर लांब पट्टा चढवत आणि त्या पट्ट्याने आरा फिरे. ओंडका एका बाजूने आत जाई, फळ्या दुसऱ्या बाजूने बाहेर येत. भुसा असा उडे की उन्हाचा रंगसुद्धा बदलून जाई.

मालकांना वेड एकाच गोष्टीचं होतं. माझं तेल. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तकात अडीचशे तासांनी तेल बदलायला सांगितलं होतं. मालक त्याच्या बरेच आधी बदलत. काम संपवून इंजिन गरम असतानाच ते माझ्याखाली घमेलं सरकवायचे आणि खालचा नट सोडायचे, म्हणजे तळाचा गाळ हलून तेलाबरोबर निघून जावा. शेवटचा थेंब पडेपर्यंत घाई करायचे नाहीत. तेवढ्यात फिल्टर बदलायचे. मग नट आवळून नवं तेल ओतायचे, आणि सगळं झालं की बोटातल्या अंगठीने माझ्या बॉनेटवर दोनदा वाजवायचे. टक, टक. म्हणजे झालं.

मालकीणबाईंचा भाऊ ट्रक चालवायचा. वखारीतल्या फळ्या तोच पोहोचवायचा. त्याला सगळे मामा म्हणत, त्याच्यापेक्षा वयाने मोठे हमालसुद्धा. त्याच्या ट्रकचं तेलही मालकच बदलायचे आणि तो शेजारी बाकड्यावर बसून टिंगल करायचा.

"दाजी, एवढं तेल स्वतःच्या गुडघ्यांना चोळलं असतंत, तर आज पळत सुटला असतात."

"माझे गुडघे दुखले तर मी एकटा बसेन," मालक ट्रकखालून म्हणायचे. "हा बसला तर आपण सगळेच बसू."

मालकांना एक मुलगी. वखारीत सगळे तिला छोटी म्हणत, जरी तिच्या कानांमागचे केस पिकायला लागले होते. मला चालवायची तीच, आरा सांभाळायची तीच. एकदा घमेल्यात तेल गळत असताना तिने विचारलं, "बाबा, मामाच्या ट्रकचं तेल तुम्ही किलोमीटर बघून बदलता आणि याचं तास बघून. असं का?"

"ट्रक धावतो. त्याचा रस्ता मोजायचा. हा दिवसभर एका जागी उभा राहून राबतो. याचे किलोमीटर मोजलेस तर वाटेल, गडी नुसता बसून होता."

"आणि खरंच बसून राहिला तर?"

"तरी वर्षातून एकदा बदलायचं. पडून राहिलेलं तेलही विटतं. ओल धरतं."

"पण पुस्तकात अडीचशे लिहिलंय, आणि तुम्ही त्याच्या कितीतरी आधी..."

"तेही पुस्तकातच आहे. खाली, बारीक अक्षरांत. धुळीत काम असेल तर लवकर बदला म्हणून. लोक तिथवर वाचत नाहीत."

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं होती. येणारे-जाणारे माझा आवाज ऐकून थांबत आणि म्हणत, अजून नव्यासारखा चालतो हो. मालक फडक्याने माझं बॉनेट पुसत.

एका दुपारी मालकांनी माझं तेल बदललं. नट आवळला, नवं तेल ओतलं, अंगठीने दोनदा वाजवलं आणि हात पुसत बाकड्यावर जाऊन बसले. छोटी कप्पीवर पट्टा चढवत होती. तिने पाठमोरंच विचारलं, "बाबा, चालू करू?"

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग वळून बघितलं. मालक माझ्याकडे बघत बसले होते. फडकं हातातच होतं. पण ते कशाकडेच बघत नव्हते.

वखार काही दिवस बंद राहिली. शेडमध्ये कुणी आलं नाही. नवं तेल माझ्या तळाशी स्वच्छ, निवांत पडून होतं. ज्या माणसाने ते ओतलं होतं तो कुठेच नव्हता. घर रडतं तसं लोखंडाला रडता येत नाही. मी नुसता उभा राहिलो.

पुढे छोटी आली. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. तिने मला चालू केलं आणि काम परत सुरू झालं. चढ, आरा, भुसा. माझ्यातले तास भरत गेले. एक दिवस मामा फळ्या भरायला आला तेव्हा त्याने आठवण केली. "छोटे, तेलाचं बघितलंस का? वेळ झाली असेल."

"उद्या करते, मामा."

दुसऱ्या दिवशी ती खरंच माझ्याखाली शिरली. घमेलं सरकवलं. पाना नटावर बसवला. आता झटका देईल म्हणून मी वाट बघत राहिलो. पाना तसाच राहिला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मालकीणबाई शेडमध्ये आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"काय गं? अडकलाय का?"

"नाही."

"मग?"

"हे बाबांनी भरलंय, आई."

मालकीणबाई भुशातच खाली बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "राहू दे आज."

तो आज काही संपला नाही. हंगाम आला, ओंडके वाढले, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, एवढा माल निघून जाऊ दे. मामाने विचारलं की म्हणायची, बघितलंय मी. तेल कमी झालं की ती डब्यातून थोडं वरून ओतायची. एकदा ओतता ओतता ती स्वतःशीच पुटपुटली, "बाबांचं त्यात राहतंच की."

तेल काळं पडलं, त्याचं मला काही वाटलं नाही. डिझेलच्या इंजिनात तेल काळं पडतंच. काजळी ते स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून तर आम्ही स्वच्छ राहतो. पण घेणाऱ्यालाही हद्द असते. एक वेळ अशी आली की त्या तेलाला आणखी काही उचलता येईना. भुशाची पूड, काजळी, माझ्याच लोखंडाचे बारीक कण, सगळं तळाशी बसू लागलं. फिल्टर तुंबला. जिथे तेल वाहायला हवं तिथे ते ओढून न्यावं लागू लागलं. आणि मग तो आवाज सुरू झाला.

टक, टक.

पहिल्यांदा तो सकाळी मी थंड असताना आला. दोन ठोके, आणि बंद. छोटीचा हात स्टिअरिंगवर होता. तो तिथेच गोठला. तिने इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. टक, टक. ती सीटवरून खाली उतरली आणि माझ्या बॉनेटकडे बघत उभी राहिली. जिथे अंगठी वाजायची, नेमकं तिथेच.

त्या दिवसापासून ती काम नसतानाही शेडमध्ये येऊ लागली. दुपारी हमाल जेवायला गेले की ती मला चालू करायची, आरा न जोडता, ट्रॉली न जोडता, आणि बाकड्यावर बसून ऐकायची. कधी हळू आवाजात काही सांगायची. बाहेरचा दरवाजा मोडलाय. आई नीट जेवत नाही. मी काय उत्तर देणार? माझ्यात ठोके पडायचे, आणि तिला ते उत्तर वाटायचं.

एका दुपारी मालकीणबाई तिला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, दुरुस्त कर."

मालकीणबाई येऊन बाकड्यावर तिच्याजवळ बसल्या. त्यानंतर त्या दोघी येऊ लागल्या. हमालांमध्ये कुजबुज सुरू झाली. पट्टा चढवणारा गडी माझ्याजवळ यायचा तो अंग चोरून. आणि मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? मलाही शंका येऊ लागली. जुन्या, जाड तेलातून तो ठोका वर यायचा तेव्हा मला वाटायचं, हे माझं झिजलेलं बेअरिंग नाहीच. कुणीतरी आतून वाजवतंय. कुणीतरी माझ्या पोटात बसलंय, त्याला बाहेर यायचंय आणि आम्ही सगळे मिळून त्याला जाऊ देत नाही आहोत.

पुढे ते ठोके दोनावर थांबेनासे झाले.

त्या सकाळी आम्ही नदीवर निघालो तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "मलाही ने खाली. मला ऐकत यायचंय." छोटीने त्यांना शेजारी, मडगार्डवर बसवलं. काठावर हमालांनी ट्रॉली गच्च भरली. ओले, जड ओंडके होते. मी चढाला लागलो. एका बाजूला मातीची दरड आणि दुसऱ्या बाजूला, खाली, नदीचं पाणी.

निम्म्या चढावर माझ्या पोटात आग लागल्यासारखं झालं. पंप ओढत होता, पण वर तेल येत नव्हतं. समोरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकला आणि मग लागूनच राहिला. छोटीने तो बघितला. तिला त्याचा अर्थ माहीत होता, मालकांनीच शिकवला होता. पण पुढे वळण होतं, मागे ओंडके होते, आणि माझ्यातून आवाज येत होता. टक टक टक टक, जणू कुणी दोन्ही हातांनी दार ठोठावत होतं.

"आई, ऐकतेस? आज किती बोलतायत बघ."

मालकीणबाईंनी दोन्ही हातांनी मडगार्ड घट्ट धरलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बोलत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "थांबव."

"अगं, वळण तेवढं..."

"थांबव म्हणते ना. इतकी वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर. ते असे कधी बोलत नाहीत. ते थांब म्हणतायत."

छोटीने ब्रेकवर दोन्ही पाय दिले आणि मला बंद केलं. ट्रॉलीने मागे ओढलं. माझी चाकं ओल्या मातीवर हातभर घसरली. मागून चालणाऱ्या हमालांनी धावत येऊन चाकांखाली लाकडाचे ठोकळे सारले, आणि मी थांबलो. वळण अगदी समोर होतं. तिथे मी जाम झालो असतो तर चाकं एका जागी आवळली असती आणि ओंडक्यांच्या वजनाने आम्ही तिघंही खाली नदीकडे ओढले गेलो असतो. हे हमालांनाही कळलं.

निरोप मिळताच मामा ट्रक घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची सळई बाहेर ओढली. सळईवर डांबरासारखा लगदा चिकटला होता. त्याने तो बोटांत चोळला. कचकच वाजलं.

"छोटे, हे कधी बदललं होतंस?"

छोटी खाली बघत राहिली. मालकीणबाई म्हणाल्या, "तिने नाही. त्यांनी बदललं होतं."

मामाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो सळई हातात धरून माझ्या पायरीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या ट्रकमध्येही दाजींचंच तेल होतं. शेवटचं."

"मग?"

"किलोमीटर भरले. आठवडाभर मी ट्रक दारात उभा ठेवला, भाडी सोडली. मग खाली शिरलो आणि नट सोडला. सगळं माझ्या बाहीवर आलं. त्यांच्यासारखं जमत नाही मला. तिथेच पडून रडलो. बायकोला वाटलं, ट्रक अंगावर आला." त्याने डोळे पुसले, आणि काजळी गालाला लागली. "पण काढलं. दाजींनी ते ठेवायला भरलं नव्हतं गं."

छोटीने पाना मागितला.

मामाने आधी ट्रॉली सोडवली आणि मला ट्रकला बांधून चढ चढवून शेडमध्ये आणलं. मग छोटी माझ्याखाली शिरली. नट सुटला तरी आधी काहीच आलं नाही. तिने तारेने खरवडलं. मग ते आलं, हळूहळू, गोळ्यागोळ्याने, जळका वास घेऊन. ती बघत होती. तिला वाटलं असावं, त्यात बाबांचं काहीतरी दिसेल. त्यात गाळ होता, आणि माझ्या लोखंडाची चमकती पूड होती. मालकीणबाईंनी घमेलं स्वतः ओढून घेतलं. मातीत सांडू न देता त्यांनी ते डब्यात भरलं आणि जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजवर पाठवून दिलं. एक थेंबही घरात ठेवला नाही.

मिस्त्रीने मला उघडलं. माझ्या बेअरिंगवरचा पांढरा थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. क्रँकवर, म्हणजे माझ्या आतल्या फिरत्या दांड्यावर, चरे पडले होते. "अजून थोडं चालवलं असतं तर भंगारात गेला असता," तो म्हणाला, आणि पार्ट शोधायला लागला. मी कित्येक दिवस उघडा, सुटा पडून होतो. ठोके पडायला माझ्यात काही उरलंच नव्हतं.

जोडून झाल्यावर छोटीने मला चालू केलं. मालकीणबाई बाकड्यावर होत्या. मी सलग, मऊ आवाजात चालू लागलो. दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. काहीच वाजलं नाही. मिस्त्री खूश होता, आणि त्या दोघी त्याच्यासमोर ढसाढसा रडत होत्या. बिचाऱ्याला कळेना, आपलं काय चुकलं. त्या दिवशी त्यांच्या घरातून एक माणूस दुसऱ्यांदा गेला होता.

थोड्या वेळाने मालकीणबाईंनी डोळे पुसले. छोटीने विचारलं, "बंद करू?"

"कशाला? लाकूड पडलंय केवढं. पट्टा चढव."

आता मी चढ चढत नाही. क्रँक घासून बारीक झालाय, ओझं सोसवत नाही. ओंडके मामाच्या ट्रकने येतात आणि मी शेडमध्ये उभा राहून आरा फिरवतो. माझं काही गाऱ्हाणं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी ट्रक असेल, ट्रॅक्टर असेल, पाण्याचा साधा पंप असेल, तर त्याचं पुस्तक एकदा शेवटपर्यंत वाचा, बारीक अक्षरंसुद्धा. ट्रकचे किलोमीटर बघा, आमचे तास बघा. धुळीत राबवत असाल तर लवकर बदला, आणि नुसतं उभं ठेवलं असेल तरी वर्षातून एकदा बदला. फिल्टर विसरू नका. आणि गेलेल्या माणसाची आठवण हवी असेल तर त्याचा फोटो ठेवा, सदरा ठेवा, त्याचे किस्से सांगा. आमच्या पोटात मात्र ती साठवू नका. आम्हाला ती सांभाळता येत नाही. आम्ही तिचा गाळ करतो.

परवाच छोटीने माझं तेल बदललं. सगळं झाल्यावर तिने सळई पुसून आत घातली, बाहेर काढली आणि डोळ्यांसमोर धरली. मग उजेडाकडे वळवली. तेल इतकं स्वच्छ होतं की ते सळईवर कुठवर आलंय ते दिसेना. तिने आईला हाक मारली.

"आई, बघ गं. तुला काही दिसतंय का?"

मालकीणबाईंनी चष्मा वर केला, सळई जवळ घेतली, लांब धरली.

"काहीच नाही दिसत," त्या म्हणाल्या.

"मग ठीक आहे," छोटी म्हणाली, आणि तिने झाकण लावलं.